पिल्लाला हॅचरीत काय टोचलं ते डिलिव्हरीच्या चलनावर लिहून द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या आमच्या भागातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, ब्रॉयलर कोंबडीला लॅबमध्ये बनवलेला व्हायरस टोचतात, तो चिकनमधून माणसाच्या अंगात जातो, म्हणून चिकन खाणं बंद करा, आणि खाली नेहमीप्रमाणे 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा'. पाठवणाऱ्याचं काय जातंय, बोटानं दाबलं की झालं. पण २०२० ला फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा उठली तेव्हा महाराष्ट्रभर पोल्ट्रीवाल्यांनी जिवंत पक्षी पुरले, फुकट वाटले, आमच्याकडं हातकणंगले, शिरोळ, करवीर पट्ट्यातली कितीतरी शेडं त्यानंतर उघडलीच नाहीत. म्हणून हे पत्र लिहायला बसलोय. मी मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलंय आणि नोकरी न मिळाल्यामुळं म्हणा किंवा आवड म्हणून म्हणा, पोल्ट्री चालवतो, त्यामुळं दोन्ही बाजूचं थोडंफार कळतं.

पहिलं म्हणजे मेसेजमधली अर्धी गोष्ट खरी आहे, आणि ती खोटी ठरवायच्या नादात काही पोल्ट्रीवाले 'असलं काय नसतंयच' म्हणून बोलायला लागलेत, ते पण बरोबर नाही. जनुक बदललेला व्हायरस वापरून केलेल्या लसी कोंबड्यांना दिल्या जातात, जगभर दिल्या जातात, आपल्या देशातल्या मोठ्या हॅचऱ्यांमध्येही, म्हणजे पिल्लं उबवून काढतात तिथंही, दिल्या जातात. त्यात लपवण्यासारखं काही नाही. लपवलं की मग लोकांना वाटतं नक्कीच काहीतरी भानगड आहे.

आता हा व्हायरस कुठला ते सांगतो. टर्की नावाच्या पक्ष्यामध्ये एक हर्पिस जातीचा व्हायरस असतो, त्याला सगळे एचव्हीटी म्हणतात. हर्पिस नाव ऐकून दचकू नका, माणसाला तो काही करत नाही, कोंबडीलाही आजारी पाडत नाही. कोंबड्यांना मॅरेक्स नावाचा रोग होतो, १९०७ ला हंगेरीतल्या योझेफ मारेक या व्हेटर्नरी डॉक्टरानं पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं, त्यात पाय लुळे पडतात, लिव्हरमध्ये गाठी होतात, म्हणजे सरळ कॅन्सरच. मॅरेक्सचा व्हायरस आणि हा टर्कीचा व्हायरस नात्यातले, एकाची ओळख पटली की शरीर दुसऱ्याशीही लढतं, म्हणून १९७१ पासून अमेरिकेत एचव्हीटीच मॅरेक्सची लस म्हणून टोचायला लागले. तेव्हा त्यात कुणी काही बदललेलं नव्हतं, जसा सापडला तसाच वापरला. कुठल्याही कॅन्सरवरची ती पहिली लस मानतात, आणि ती माणसाच्या नव्हे कोंबडीच्या वाट्याला आली. म्हणजे पन्नास वर्षांहून जास्त काळ लोक हा व्हायरस टोचलेल्या कोंबडीची अंडी आणि मटण खातायत, आपल्या तांबड्या-पांढऱ्या रश्शातसुद्धा तो कधीच येऊन गेलेला असणार, अर्थात उकळून मेलेला.

मग पुढं शास्त्रज्ञांनी काय केलं, या एचव्हीटीच्या जनुकांच्या लांब माळेत जिथं थोडी जागा मोकळी आहे, म्हणजे जिथं काही घुसवलं तरी व्हायरसचं अडत नाही, तिथं दुसऱ्या रोगाच्या व्हायरसचा एकच तुकडा बसवला. गंबोरोच्या, म्हणजे पिल्लांची प्रतिकारशक्तीच मोडणाऱ्या रोगाच्या, व्हायरसचा व्हीपी-टू नावाचा तुकडा, नाहीतर मानमोडीच्या, म्हणजे राणीखेत रोगाच्या, व्हायरसचा एफ नावाचा. एसटीच्या टपावर पार्सल टाकून द्यावं तसंच हे, गाडी टर्कीच्या व्हायरसची, पार्सल गंबोरोचं. पिल्लाच्या अंगात गाडी फिरत राहते, पार्सल बघून शरीर प्रतिकारशक्ती तयार करतं, आणि गंबोरोचा आख्खा व्हायरस मात्र तिथं कुठंच नसतो. यालाच व्हेक्टर लस म्हणतात.

उलट मानमोडीची जुनी लासोटा लस घ्या. ती १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या एका फार्मवर सापडलेल्या सौम्य मानमोडी व्हायरसपासून केली, तिच्यात कुणी जनुक-बिनुक बदललेला नाही, एकदम 'नॅचरल'. पण पिल्लाच्या डोळ्यात ड्रॉप टाकताना थेंब उडून माझ्या स्वतःच्या डोळ्यात गेला तर डोळा लाल होतो, दोन-चार दिवस चुरचुरतो, कुठल्याही जुन्या पोल्ट्रीवाल्याला विचारा. कारण तो मानमोडीचा आख्खा जिवंत व्हायरस आहे. म्हणजे नॅचरल लस माणसाच्या डोळ्याला झोंबते आणि लॅबमध्ये बदललेली झोंबत नाही. व्हॉट्सॲपवरच्या मंडळींनी याचा विचार करावा.

हे सगळं कशाला करायला पाहिजे होतं, जुन्या लसी काय वाईट होत्या, असं आमच्यातलीच काही वडीलधारी माणसं विचारतात. वाईट नव्हत्याच. मानमोडी, म्हणजे राणीखेत, १९२६ ला जावामध्ये आणि इंग्लंडात न्यूकॅसलला दिसली आणि लगेच १९२७ ला आपल्या कुमाऊँमधल्या राणीखेतला. तिथून जवळच मुक्तेश्वरला सरकारी संस्थेत आर-टू-बी लस तयार झाली, आजही वाढीच्या पक्ष्यांना आणि गावठी कोंबड्यांना तीच टोचतात, तिनं देशातल्या किती कोंबड्या वाचवल्या असतील त्याचा हिशोबच नाही. पण व्हायरस काही १९४० मध्ये थांबून राहिलेला नाही. लासोटा ज्या गटातली आहे त्याला जीनोटाइप दोन म्हणतात आणि आज आपल्या देशात शेडांमध्ये सापडतो तो बहुतेक तेरा नाहीतर सात नंबरचा. लासोटा बरोबर दिली तर त्याच्यापुढंही पक्षी मरत नाही बहुतेक वेळा, पण विष्ठेतून, नाकातून व्हायरस बाहेर टाकत राहतो आणि शेजारच्या शेडला प्रसाद मिळतो. १९९९ ला शास्त्रज्ञांना मानमोडीचा व्हायरस त्याच्या डीएनए कॉपीपासून पुन्हा उभा करायला जमलं, जेमतेम पंधरा हजार जनुकीय अक्षरांचा आणि सहा जनुकांचा तो व्हायरस आहे. तेव्हापासून फिल्डमधल्या व्हायरसचं वरचं आवरण आणि आत सौम्य लसीचा सांगाडा अशी जोडणी करता येते. शिवाय एफ प्रोटीनवर एक जागा असते जिथं ते कापलं जातं, त्या जागेवरच्या दोन-चार अक्षरांवर व्हायरस जहाल की मवाळ हे बऱ्याच अंशी ठरतं, ती अक्षरं बदलून टाकली की जहाल व्हायरसचे दात पडतात. अशा जोडलेल्या लसींनी व्हायरस बाहेर पडण्याचं प्रमाण जास्त कमी होतं हे प्रयोगांत दिसलंय आणि चीनमध्ये सात नंबरची अशी लस वापरातही आहे.

इथपर्यंत मी शास्त्राच्या बाजूनंच बोललो. आता माझी खरी तक्रार.

आमच्याकडं बहुतेक पोल्ट्री करारावरची. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड, लाइट, पाणी, तूस आणि रात्रीची जागरणं आमची, आणि शेवटी लिफ्टिंग झाल्यावर किलोमागं जे ठरलंय ते मिळतं, मर जास्त झाली, एफसीआर म्हणजे किलोभर वजनाला लागणाऱ्या खाद्याचा हिशोब बिघडला की त्यातून कापून. पिल्लांची गाडी येते तेव्हा चलनावर काय असतं, तर पिल्लांची संख्या, गाडी नंबर, तारीख, झालंच तर ब्रीडचं नाव. पिल्लाला हॅचरीत काय टोचलंय त्याचा एक शब्द नाही. सुपरवायझरला विचारलं की 'सगळं दिलंय हॅचरीत, तुम्ही काळजी करू नका'. सगळं म्हणजे काय? गंबोरोची व्हेक्टर लस दिलीय, का इम्यून कॉम्प्लेक्सवालं दिलंय ज्यात साधाच जिवंत गंबोरो व्हायरस अँटिबॉडीत गुंडाळून टोचतात, का काहीच दिलेलं नाही? तिन्हीत माझं चौदाव्या दिवसाचं काम वेगवेगळं आहे. काहीच दिलं नसेल तर पाण्यातून गंबोरो दिलंच पाहिजे आणि तेही वेळ साधून, लवकर दिलं तर आईकडून आलेल्या अँटिबॉडी लस खाऊन टाकतात, उशीर झाला तर खरा गंबोरो आधी येतो. पण व्हेक्टर दिलं असेल तर त्याच्यावर आणखी एकदा जिवंत लस पाजायची बहुतेक वेळा गरज नसते, उलट गरम जातीची, म्हणजे कमी मवाळ केलेली, लस असली तर ती स्वतःच पक्ष्याच्या बर्साला, म्हणजे शेपटीजवळच्या त्या गाठीला, जिथं त्याची प्रतिकारशक्ती घडते, तिला मार देते. म्हणजे पैसे जातात ते जातात, वर पक्षी कच्चा राहतो. आणि दिलं नाही अन् मर लागली तर दोष कुणाचा, पोल्ट्रीवाल्याचा. त्यामुळं सगळे दुहेरी डोस देतात, पाण्यात दूध पावडर कालवून, तासभर तहान लावून, अगदी नियमानं.

मानमोडीचं याच्या उलट. व्हेक्टरवाली मानमोडीची लस पूर्ण चढायला तीन-चार आठवडे घेते, हळू वाढणारा व्हायरस आहे एचव्हीटी. ब्रॉयलर पक्षी विकला जातो अडतीस-चाळीस दिवसांत. म्हणजे पहिल्या आठवड्यातली डोळ्यातली लासोटा चुकवून चालत नाही, आणि कितीतरी जण 'हॅचरीत झालंय की' म्हणून नेमकी तीच चुकवतात! एकाला नको तिथं डबल आणि दुसऱ्याला पाहिजे तिथं शून्य, असा कारभार चाललाय निव्वळ एका ओळीच्या माहितीसाठी.

आणखी एक, हे तर माझ्या ओळखीच्या दोन-तीन लेअरवाल्यांच्या, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांच्या, बाबतीत झालंय. रक्त तपासायला लॅबला पाठवलं, रिपोर्ट आला मानमोडीचा टायटर, म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण, एकदम खाली, घाबरून परत टोचणी, अंडी पडली, नुकसान झालं. आता लॅबमध्ये जी एचआय नावाची टेस्ट करतात ती मानमोडीच्या एचएन नावाच्या दुसऱ्याच प्रोटीनविरुद्धच्या अँटिबॉडी मोजते, आणि व्हेक्टर लसीत असतो एफ. म्हणजे पक्षी एफच्या जोरावर व्यवस्थित सुरक्षित असला तरी त्या टेस्टला तो दिसायचाच नाही. गंबोरोतही तसंच, साधी एलायझा किट आणि व्हीपी-टूची एलायझा किट वेगळी. लॅबवाल्याला सांगितलं की पिल्लाला एचव्हीटी व्हेक्टर दिलंय तर तो योग्य टेस्ट लावेल, पण सांगणार कसं, मालकालाच माहीत नाही. तसंच दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या एचव्हीटी व्हेक्टर लसी एकाच पिल्लाला दिल्या तर एकमेकीच्या पायात पाय घालतात, म्हणून तर आता एकाच एचव्हीटीवर दोन-दोन तुकडे बसवलेल्या लसी आल्या. हे हॅचरीवाल्यांना माहीत असतं. आम्हाला पण माहीत असायला काय हरकत आहे?

या लसी द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात, उणे १९६ डिग्रीला. कोल्हापूर जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही, इथं गावागावात गाय भरवायला येणारा माणूस मोटरसायकलवर तोच नायट्रोजनचा कॅन घेऊन फिरतो, त्यातनं वीर्याची स्ट्रॉ काढतो. लसीची ॲम्प्यूल पण तशीच कॅनमधून काढून सत्तावीस डिग्रीच्या आसपासच्या पाण्यात मिनिटभरात वितळवायची, डायल्युएंटमध्ये, म्हणजे पातळ करायच्या द्रवात, मिसळायची आणि तासा-दोन तासांत संपवायची, कारण हा व्हायरस जिवंत पेशींच्या आत असतो, पेशी मेल्या की लस गेली. वितळलेली परत गोठवता येत नाही. मग हॅचरीत नायट्रोजन कमी पडला, लाइट गेली, घाईत वितळवणं चुकलं, तर पिल्लाला टोचलं जातं ते नुसतं रंगीत पाणी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमच्याकडं लाइट, रस्ते सगळं बंद होतं, तेव्हाच्या लॉटना कुणी काय टोचलं आणि ते चांगलं होतं का, कोण सांगणार. म्हणून नुसतं लसीचं नाव नको, बॅच नंबर आणि टोचल्याची तारीख पण पाहिजे. रोग आला तर मागं जाऊन बघता तरी येईल.

मी या लसींचा अगदी भक्त आहे असं कुणी समजू नये. शंका घ्यायलाच पाहिजे, पण खऱ्या ठिकाणी. मॅरेक्सचंच बघा, लस पक्षी मरू देत नाही पण व्हायरस अंगात शिरणं आणि पसरणं थांबवत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात नुसती एचव्हीटी पुरायची, ८० च्या दशकात तिच्या जोडीला दुसरी लागली, ९० च्या दशकात रिस्पेन्स नावाची आणखी एक लागली, व्हायरस दरवेळी आणखी जहाल होत गेला. २०१५ ला अँड्र्यू रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवलं की जो जहाल व्हायरस बिनलसीच्या पक्ष्याला पटकन मारतो आणि स्वतःही तिथंच संपतो, तोच लस दिलेल्या पक्ष्यात टिकतो आणि पसरतो. म्हणजे लस दिली म्हणून शेडच्या दारातलं चुन्याचं पाणी, गाड्यांची फवारणी, दोन लॉटमधली मोकळी सुट्टी बंद केली तर एक दिवस महागात पडणार. आणि हे लक्षात घ्या की हे झालं ते जनुक न बदललेल्या लसींनी. ऑस्ट्रेलियातली गोष्ट पण तशीच, तिथं श्वासनलिकेच्या आयएलटी रोगाच्या दोन साध्या जिवंत लसी एकाच भागात वापरात होत्या, त्या दोघींतले व्हायरस एकमेकांत मिसळून खरा रोग करणारा नवीन व्हायरस तयार झाला, २०१२ ला ते उघड झालं. आयएलटीच्या व्हेक्टर लसीत त्या व्हायरसचे एक-दोन तुकडेच असतात, त्यातून आख्खा आयएलटी उभा राहू शकत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला भीतीच घालायची होती तर जुन्या लसींची घालायला हवी होती, असं म्हणायची वेळ येते.

परवानगीचं म्हणाल तर बीटी कापसाला २००२ ला ज्या केंद्रीय समितीनं परवानगी दिली, जीईएसी, तिच्याच अखत्यारीत जनुक बदललेले जिवंत व्हायरस येतात, १९८९ चे नियम आहेत त्याला. पण कागद दिल्लीत आणि कोंबडी इथं, मधल्या माणसाला काही कळत नाही.

बर्ड फ्लूचं थोडक्यात. २००६ ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशात पहिल्यांदा एच-फाइव्ह-एन-वन आला, तेव्हापासून आपलं धोरण एकच, सापडला की आजूबाजूच्या ठरलेल्या टापूतले सगळे पक्षी मारायचे. चीननं असाच व्हायरस बदलून, त्याचे दात पाडून, एच-फाइव्हची लस २००४ पासूनच वापरायला घेतली, फ्रान्सनं ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस सुरू केली, आपल्याकडं भोपाळच्या संस्थेनं सौम्य एच-नाइन-एन-टूची मारलेल्या व्हायरसची लस केलीय. एच-फाइव्हची लस आपण द्यावी का नको हा मोठा वाद आहे, लस देणाऱ्या देशाची कोंबडी दुसरे बरेच देश घेत नाहीत ही मुख्य अडचण. पण व्हेक्टर लसीचा इथं एक फायदा आहे की लस दिलेला पक्षी आणि खरा रोग झालेला पक्षी रक्ततपासणीत वेगळा ओळखता येतो. त्या वादात मी आज शिरत नाही.

राहिल्या गावठी कोंबड्या. पन्हाळा, शाहूवाडी, आजरा, चंदगड भागात घरामागं खुराड्यात चार-सहा कोंबड्या पाळणारी बाई, तिला ही नायट्रोजनवाली लस कधीच मिळणार नाही आणि मानमोडी आली की तिच्या सगळ्या एका आठवड्यात जातात. तिच्यासाठी पुण्यातल्या औंधच्या सरकारी संस्थेतली साधी लस आणि ती वेळेवर घेऊन येणारा दवाखान्यातला माणूस हेच खरं. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी खेड्यांसाठी उष्णता सहन करणारी आय-टू नावाची मानमोडीची लस केली आणि ती आफ्रिका-आशियातल्या गावांत चालली, असलं काहीतरी सरकारनं इकडंही मोठ्या प्रमाणावर आणावं.

तर माझं मागणं एवढंच आहे. जिल्ह्याच्या पशुसंवर्धन खात्यानं हॅचरी आणि करारवाल्या कंपन्यांना सांगावं की पिल्लांच्या चलनावर लसीचं नाव, प्रकार म्हणजे साधी, कॉम्प्लेक्स का व्हेक्टर, बॅच नंबर आणि टोचल्याची तारीख छापायची, मराठीत. कंपनीला यात फार तर दोन ओळींची शाई जाईल. तालुक्याच्या दवाखान्यात त्याचा तक्ता लावावा, कुठल्या लसीनंतर शेडवर काय द्यायचं आणि काय नाही. आणि संपादकसाहेब, आपल्या पेपरात चिकनच्या दराची बातमी रोज येते, तिच्या शेजारी एखाद्या रविवारी शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजमधल्या कुणा प्राध्यापकांना या लसींवर लिहायला सांगितलं तर बरं होईल, मेसेजला उत्तर म्हणून ग्रुपवर टाकायला काहीतरी हाताशी राहील, माझं एवढं लांब पत्र कुणी फॉरवर्ड करणार नाही हे मला माहीत आहे.

आपला,
एक पोल्ट्रीवाला वाचक
ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर